समुद्राकडे पाठ

माझ्या आजोळच्या घरातून समुद्र दिसायचा तो फक्त संडासाच्या खिडकीतून. तोही सरळ नाही. भांड्याच्या दोन पावठ्यांवर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, साखळीच्या टाकीचा नळ एका हाताने धरायचा, आणि मग गजांमधून, नारळाच्या दोन झावळ्यांच्या फटीतून राखाडी रंगाची एक पट्टी दिसायची. बाहेरून आजी विचारायची, "अगं, झोपलीस का आत?"

इमारत दादरला, शिवाजी पार्काच्या पश्चिमेला. आधी मैदान, मग कॅडल रोड, मग आमची इमारत, मग वाळू. रस्त्याचं नाव वीर सावरकर मार्ग होऊन जमाना लोटला, पण आजी शेवटपर्यंत कॅडल रोडच म्हणत राहिली आणि तिच्यामुळे मीही. मागच्या कुंपणापासून पुळण शंभर पावलांवर. भरतीच्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या लाटा ऐकू येत. आणि तरीही घराचं तोंड पूर्वेला. बाल्कनी पूर्वेला, दिवाणखाना पूर्वेला, देव पूर्वेला. पश्चिमेला काय, तर मोरी, संडास, स्वयंपाकघराची धुरकटलेली खिडकी, आणि भिंतीला बाहेरून चिकटलेला एक लोखंडी गोल जिना.

लहानपणी यात काही विचित्र आहे असं वाटलं नाही. घरं अशीच असतात. पुढे कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर मरीन ड्राइव्हच्या एका जुन्या घरी गेले, तर तिथली आख्खी बैठकीची खोली समुद्राकडे उघडलेली. माणसं चहा पिताना बोलता बोलता समुद्राकडे बघत होती, जशी आमच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. इमारत आमच्याच वयाची, गोलाई दिलेल्या बाल्कन्याही तशाच. घरी येऊन मामाला विचारलं, "आपलं घर उलटं का बांधलंय?"

मामाने पेपरातून मान वर केली नाही. "घर उलटं नाही. समुद्र चुकीच्या बाजूला आहे."

आता ती इमारत पडणार. तपासणी झाली आणि ती 'सी-वन' वर्गात गेली, म्हणजे धोकादायक, रिकामी करा. मग बैठका, करारनामे, भांडणं, पुन्हा बैठका. गेल्या महिन्यात मामाचा फोन आला, "नकाशे आलेत, एकदा येऊन बघून जा." मी ठाण्याहून गेले. नकाशे बघायला दहा मिनिटं लागली. उरलेला दिवस मी इमारतच बघत बसले, आणि मामाचं ते जुनं उत्तर डोक्यातून जाईना.

ही सगळी पट्टी एकेकाळी माडांची. इंग्रज तिला माहीम वूड्स म्हणत. भंडारी माडांवर चढून माडी काढत, कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या असत, मधेमधे वाड्या. ज्यांनी गुहागर किंवा दिवेआगर पाहिलंय त्यांना हे चित्र नवं नाही. तिथे गावातला रस्ता किनाऱ्याला समांतर जातो. रस्त्याला लागून घर, अंगण रस्त्याकडे. मागे विहीर आणि गोठा. मग नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, आणि बेड्याबाहेर पुळण. समुद्र म्हणजे परसाच्याही मागचा भाग. तिकडे जायचं ते मासळीला, नाही तर माणूस पोचवायला. खारा वारा, दुपारनंतरची उन्हं आणि पावसाळ्यात पश्चिमेची झड. कोणता शहाणा माणूस तिकडे ओटी काढील? कॅडल रोडच्या पश्चिमेचे लांबट प्लॉट बघताना मला नेहमी वाटतं, इथे कौलारू घराच्या जागी काँक्रीट आलं, पण मांडणी तीच कोकणी राहिली: रस्ता, घर, परस, समुद्र. हा माझा तर्क. कुणा अभ्यासकाने खोडून काढला तर माझी तक्रार नाही.

शहराने इकडे पाय पसरले ते मात्र भीतीपोटी. १८९६ साली मांडवी भागात प्लेग निघाला आणि बघता बघता मुंबई ओस पडायला लागली. १८९८ साली सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रोग कोंदट खोल्यांत राहतो, उजेड आणि वारा हाच त्यावर उतारा, अशी तेव्हाची समजूत. त्यातून दादर-माटुंग्याची आखणी झाली. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी उजेडाचं एक गणितच मांडलं: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर लक्षात येईल, याचा अर्थ एवढाच की समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी हवी. चाळीस फुटांची इमारत, तर वीस फुटांची मोकळीक. आमच्या आणि शेजारच्या इमारतीमधे जी जागा आहे, जिथे आम्ही लगोरी खेळलो आणि जिथे पुढे चार स्कूटर आणि एक कायमची बंद पडलेली फियाट उभी राहिली, ती अशाच विचारातून सुटलेली.

पार्क त्यानंतरचा. १९२५ साली पालिकेने मैदान आखलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क. १९२७ साली, तेव्हाच्या गणनेप्रमाणे शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं होत असताना, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क म्हणायचं ठरलं. याच अवंतिकाबाईंनी १९१८ साली गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिलं आणि त्याला प्रस्तावना टिळकांची. मैदान सुमारे २८ एकर, भोवतीचा कट्टा जेमतेम सव्वा किलोमीटर. अश्वारूढ पुतळा बराच नंतरचा, १९६६ चा. महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही, हात नुसता पुढे केलेला. क्रिकेटबद्दल मी लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे कट्ट्यावर मावणार नाहीत इतके आहेत.

मैदान झालं आणि वस्तीला मधोमध अंगण मिळालं. तिशी-चाळिशीच्या दशकांत भोवतीनं इमारती उभ्या राहिल्या त्या सगळ्या या अंगणाकडे तोंड करून. पूर्वेच्या बाजूला राहणाऱ्यांना मैदानावरून येणारा समुद्राचा वारा फुकट मिळाला. आम्ही मैदानाच्या पलीकडचे, समुद्राला चिकटलेले. आमच्याही इमारतीने मान वळवून मैदानाकडेच पाहिलं. लोकांना समुद्राची हवा पाहिजे होती, समुद्र नको होता.

राहायला आले ते बहुतेक गिरगावातून. कारकून, शिक्षक, वकील, छापखानेवाले. चाळीतली खोली सोडून 'ब्लॉक'मधे आले. फ्लॅट हा शब्द खूप नंतरचा, आजी म्हणायची, "आम्ही ब्लॉक घेतला तेव्हा..." घेतला म्हणजे भाड्याने. ब्लॉकची शान कशात, तर सगळं एका दाराच्या आत. स्वतःची मोरी, स्वतःचा नळ, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा संडास. सामायिक गॅलरीच्या टोकाला रांग लावून आयुष्य काढलेल्या माणसाला याचं काय अप्रूप वाटलं असेल ते आपल्याला आता कळणार नाही. १९३७ साली वास्तुविशारदांच्या संस्थेने टाउन हॉलमधे आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं होतं, ते बघायला मुंबई लोटली. आमची इमारत त्याच्या पुढच्या वर्षीची.

तिला आर्ट डेको म्हणतात हे मला तिशीत कळलं. मामाला ते अजून पटलेलं नाही. "आम्ही तिला नवी इमारत म्हणायचो," एवढंच त्याचं म्हणणं. पॅरिसला १९२५ साली सजावटीच्या कलांचं जे मोठं प्रदर्शन झालं त्याच्यावरून हे नाव पडलं, आणि तेही साठीच्या दशकात रूढ झालं, म्हणजे इमारती आधी, नाव मागाहून. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा शिक्का मिळाला. शिवाजी पार्क त्या यादीत नाही. याचं वाईट वाटणारे इथे थोडे. शिक्का बसला असता तर पुनर्विकास अडकला असता, म्हणून सुटकेचा श्वास टाकणारे जास्त.

त्या दिवशी मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून इमारत पहिल्यांदा नीट बघितली. तीन मजल्यांच्या बाल्कन्या कोपऱ्यावर काटकोनात न वळता गोल वळतात, जहाजाच्या कठड्यासारख्या. प्रत्येक खिडकीवर काँक्रीटची पातळ झापड, सलग, भुवईसारखी. मधोमध जिन्याचा उभा पट्टा, त्याला वरपासून खालपर्यंत काच, त्यातून आतल्या पायऱ्यांवर दिवसभर मऊ उजेड. जिन्याच्या तोंडाशी गोल खिडकी, बोटीच्या खिडकीसारखी. आमच्या गॅलरीच्या जाळीत लोखंडी पट्ट्यांचा अर्धा सूर्य आहे आणि त्याखाली तीन वाकड्या रेघा. लहानपणी मी त्या रेघांना साप समजायची. त्या लाटा आहेत. म्हणजे गंमत बघा, खरा समुद्र संडासामागे, आणि पुढे रस्त्याकडे लोखंडात घडवलेला समुद्र.

मरीन ड्राइव्हला असं झालं नाही, कारण तिथली जमीनच हाताने केलेली. बॅकबेचा भराव टाकून, आधी समुद्राला भिंत घातली, भिंतीला लागून रस्ता केला आणि मग इमारती उभ्या केल्या. कोपऱ्यावरचा सूना महल १९३७ सालचा, आपल्या गजानन बाबुराव म्हात्र्यांनी आखलेला. त्याचा तो गोल मनोरा समुद्राला सलाम केल्यासारखा उभा आहे. तिथे समुद्र भिंतीआड होता. आमच्याकडे तो मोकळा होता, आणि त्याच्या काठावर आधीपासून इतर माणसं होती.

आतली जमीन अजून शाबूत आहे. दिवाणखान्यात सिमेंटच्या रंगीत फरश्या, तांबड्या-पिवळ्या, कडेला काळी पट्टी. भारत टाइल्सचा कारखाना १९२२ साली स्वदेशीच्या जोशात निघाला; आमच्या फरश्या तिथल्याच, असं आजोबा पाहुण्यांना आवर्जून सांगत, जणू त्या त्यांनीच भाजल्या. (या फरश्या भाजत नाहीत, दाबयंत्रात दाबून पाण्यात मुरवतात. हेही तेच सांगत.) जिन्याच्या पायऱ्या मोझेकच्या, कठड्याचा हात पॉलिश केलेल्या सिमेंटचा, उन्हाळ्यात गाल टेकवला की गार. पहिल्या मजल्यावरच्या वळणावर तो हात चार बोटं झिजलाय. पंच्याऐंशी वर्षं प्रत्येक माणूस तिथेच वळताना हात टेकवत आला.

समोरचा जिना असा. मागचा जिना निराळा.

ब्लॉकच्या आत संडास आला तेव्हा एक प्रश्न उभा राहिला: तो साफ करणारी बाई घरातून कशी जाणार? देवघरासमोरून? उत्तर म्हणून हा लोखंडी गोल जिना. दादर-माटुंग्याच्या कितीतरी जुन्या इमारतींना तो आहे, बहुतेकांचा गंजून अर्धा गळालाय, आणि परदेशातून आलेले पाहुणे त्याचे फोटो काढतात कारण तो दिसायला फार सुंदर आहे. प्रत्येक मजल्यावर त्याला एक छोटं दार, ते थेट संडासाच्या मागच्या गॅलरीत उघडतं. बाहेरच्या बाहेर यायचं, बाहेरच्या बाहेर जायचं. नवं काँक्रीट, नवी गोलाई, पॅरिसची नक्षी, आणि त्याच्या पाठीला नऊ इंच रुंद पायऱ्यांचं जुनं गणित. नकाशा काढणाऱ्याला हे वेगळं सांगावंही लागलं नसेल.

सात वर्षांची असताना मी त्या जिन्यावर चढले. समुद्र नीट बघायला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे ती बसली होती, बादली खालच्या पायरीवर, पदराने मान पुसत. मला बघून दचकली. मग बाजूला सरकली आणि म्हणाली, "इथून नाय दिसत. वर ये, कोपऱ्यातून." खरंच, तिच्या कोपऱ्यातून आख्खी माहीमची खाडी दिसत होती, वरळीच्या टोकापासून वांद्र्याच्या टोकापर्यंत, आणि मधे पाचसहा शिडं. आमच्या इमारतीतली समुद्राची सगळ्यात चांगली जागा तिची होती. खाली उतरल्यावर आजीने मला आधी मोरीत उभं केलं, डोक्यावरून पाणी घातलं आणि मग विचारलं, काय पाहिलंस.

आवराआवरीत आजोबांच्या खर्चाच्या वह्या निघाल्या. १९५२ ची मी चाळत बसले. दूध, पेपर, इस्त्री, दळण. शेजारी नावं लिहिलेली, दूधवाल्याचं, पेपरवाल्याचं, धोब्याचं. भाडं ४२ रुपये. आणि दर महिन्याच्या शेवटी एक ओळ: 'मागचा जिना, ३ रु.' जिन्याला पगार. पुढच्या सगळ्या वह्यांत तेच. मी ती वही मामापुढे धरली. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाबांचं अक्षर मात्र सुरेख होतं," म्हणाला.

भाडं ४२ रुपये का, तर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरूला घर सुटेना, मालकाला ते परवडेना, दुरुस्ती कोणीच करेना. वर समुद्र. खारा वारा काँक्रीटच्या बारीक भेगांतून आतल्या सळईपर्यंत जातो. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि जागा मिळाली नाही की काँक्रीट फोडतो. आधी छतावर तपकिरी रेघ येते. मग पोपडा फुगतो. मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर, सुदैवाने जेवणाआधी, ताटाएवढा तुकडा पडतो आणि वर सळया दिसतात, फासळ्यांसारख्या. आमच्याकडे हे १९९८ साली झालं. त्यानंतर स्वयंपाकघरात लोखंडी टेकू आले, ते अजून आहेत. मामी त्यांच्यावर फडकी वाळत घालायची. पोपडे सगळ्यात जास्त कुठे? पश्चिमेला. मोरी, संडास, मागची गॅलरी. पुढच्या बाजूला इमारत अजूनही फोटोत बरी दिसते.

त्यात १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना आली आणि किनाऱ्यालगत चटईक्षेत्राचं, म्हणजे किती जागेवर किती बांधता येईल याचं, गणित जुन्या आकड्यावर गोठलं. दादर स्टेशनकडे एकेक टॉवर उभा राहत असताना आमच्याकडे बिल्डर फिरकेना. फायदाच नव्हता. मग नियम सैल झाले, आणि फिरकू लागले.

मागच्या बाजूला फक्त जिना नव्हता, हे लिहायचं टाळता येणार नाही.

किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत गेलं की स्मशानभूमी. भागोजीशेठ कीर यांचं नाव तिला आहे, जागा त्यांनी दिलेली. कीर रत्नागिरीचे, भंडारी समाजातले, गरिबीतून वर येऊन मुंबईतले मोठे ठेकेदार झाले. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर, सर्व जातींना खुलं, १९३१ साली त्यांनीच बांधलं, सावरकरांच्या प्रेरणेने. दक्षिणेचा वारा सुटला की धूर आमच्या मागच्या खिडक्यांतून आत येई. आजी काही न बोलता उठायची आणि खिडक्या लावायची. ही तिची रोजच्या दिव्याबत्तीसारखी सवय होती.

१९५६ च्या ७ डिसेंबरला इथेच, वाळूवर, बाबासाहेबांच्या देहाला अग्नी दिला. आई तेव्हा नऊ वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच की कॅडल रोड दिसत नव्हता, नुसती डोकी, आणि आजोबांनी बाल्कनीत उभं राहू दिलं नाही. चैत्यभूमीचा स्तूप १९७१ साली उभा राहिला, मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून, देशभरातून लाखो माणसं येतात, मैदानावर उतरतात, रांगा लावतात. आणि आमच्या इमारतीत? पुढचं फाटक आतून बंद. दोन बिऱ्हाडं दरवर्षी त्या दोन दिवसांसाठी पुण्याला जात. घाण, गर्दी, आवाज, हे शब्द जिन्यात ऐकू येत. तेच जिने गणपती विसर्जनाच्या दिवशी नातेवाइकांनी भरलेले असत, आवाज तेवढाच, गर्दीही बरीच.

पार्काला वळसा घालणारा रस्ता आहे केळुसकर मार्ग. कृष्णराव अर्जुन केळुसकर, शिवचरित्र लिहिणारे, म्हणून शिवाजी पार्काला त्यांचं नाव शोभतं, असं आम्हाला शाळेत सांगितलं. त्यांनी बुद्धाचंही चरित्र लिहिलं होतं, आणि मॅट्रिक झालेल्या भीमरावाला ते त्यांनी भेट दिलं होतं, हे नाही सांगितलं. ते मला कळलं चैत्यभूमीच्या बाहेरच्या एका पुस्तकांच्या स्टॉलवर, जिथे मी एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा गेले, घरात न सांगता. पंचवीस मिनिटांचं काम म्हणून गेले आणि संध्याकाळ झाली. मला सगळ्यात लक्षात राहिल्या त्या परभणीकडच्या पाचसहा बायका. दर्शन झालं होतं. आता चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेला उभ्या होत्या, लाट आली की मागे, गेली की पुढे. त्यांतली एक म्हातारी काही केल्या हलेना. नुसती बघत होती. माझ्या आजोळच्या इमारतीत साठ वर्षांत समुद्राकडे इतकं टक लावून कुणी पाहिलं नसेल. आणि त्यांच्या मागे, माडांच्या वर, आमची इमारत होती. मी ती त्या बाजूने तेव्हा पहिल्यांदाच बघितली: ओघळ गेलेल्या भिंती, पाइपांचं जाळं, छोट्या छोट्या खिडक्या, आणि वर चढत गेलेला तो गोल जिना. तिकडून बघणाऱ्याला तीच पुढची बाजू.

आता किनारा पुष्कळ बदलला. वाळू मागे सरकली. जुने दादरकर वांद्र्याच्या भरावाला दोष देतात. समोर २००९ पासून सी लिंक आहे, पाच-साडेपाच किलोमीटरची. तिने ती शिडांची खाडी चौकटीत बसवली. चैत्यभूमीशेजारी, जिथे पावसाळी पाण्याचा नाला समुद्रात पडतो, तिथे डेक बांधलाय, संध्याकाळी तिथे जागा मिळत नाही. तरुण मुलं समुद्राकडे तोंड करून बसलेली असतात, पाठ शहराकडे.

नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले होते, टेकूंच्या मधे. चोवीस मजले, खालचे पाच गाड्यांचे. शेजारच्या टॉवरमधलं अंतर मी बोटाने मोजलं, मग प्रमाण बघितलं, मग पुन्हा मोजलं. ऑरसाहेबांचा कोन तिथे बसवायचा तर आकाश कुठून तरी भाड्याने आणावं लागेल. वरचे मजले विकायचे, आमच्यासारख्यांना खालचे. पण पश्चिमेच्या बाजूला बिल्डरने हात सैल सोडलाय. प्रत्येक घराची बैठक पश्चिमेला, जमिनीपासून छतापर्यंत काच. रस्त्याच्या बाजूला लिफ्ट, जिने, वायरींचे डक्ट आणि बाथरूमच्या झडपा. माहितीपत्रकावरची बाई हातात कप घेऊन काचेतून समुद्र बघतेय.

मामा अठ्ठ्याहत्तरचा. त्याने पेन्सिल घेतली आणि नव्या नकाशावर जुनं घर हलक्या हाताने काढायला लागला. आधी बाल्कनी, मग दिवाणखाना, मग मधली खोली. ती सगळी लिफ्टच्या खड्ड्यात गेली. मग स्वयंपाकघर. मग मोरी. शेवटी एक छोटा चौकोन काढला आणि त्याच्यावर पेन्सिल टेकवून थांबला.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "आपला संडास होता तिथे सोफा येतो."

मी हसले. तो नाही हसला.

"आणि झड आली की काय करणार हे लोक?"

"काच असते, मामा."

"काच असते," तो म्हणाला, आणि उठून मागच्या खिडक्या लावायला गेला. वारा दक्षिणेचा सुटला होता.